मोजणी आधी, पाया मग : इंदूरच्या प्लॉटवर हरवलेले तीन फूट



आपल्या पानावर एरवी डिझेलचा परतावा, बंदीच्या तारखा आणि हवामानाचे इशारे येतात. आज घराच्या जागेबद्दल लिहितोय. कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आता बोटीवर नाहीत. कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी इंदूरला नोकरीला आहे. तिथे प्लॉट घ्यायचा म्हटलं की पैसा कुठून येतो? बोटीतूनच. हिस्सा विकून, इंजिनासाठी ठेवलेली रक्कम मोडून, आईच्या बांगड्या सोडून. त्या पैशाची जमीन कागदावर एक आणि जागेवर दुसरी निघाली, तर काय करायचं?

झालं असं. आपल्या संस्थेच्या एका जुन्या तांडेलांचा मुलगा इंदूरला कंपनीत आहे. त्याने शहराच्या कडेला, राऊच्या बाजूला एका वसाहतीत प्लॉट घेतला. ३० फूट रुंद, ५० फूट खोल, म्हणजे १५०० चौरस फूट. तांडेलांनी बोटीतला आपला हिस्सा काढून पैसे दिले होते. भूमिपूजन ठरलं आणि आम्ही दोघे-तिघे त्यांच्यासोबत अवंतिका एक्स्प्रेसने निघालो. पिशवीत नारळ होते आणि सुकटही होती. सुकटीची पिशवी डब्यात कुठे लपवायची, हा रात्रभराचा वेगळाच विषय झाला.

सकाळी जागेवर पोचलो. मिस्त्री चुना घेऊन तयार होता. विटांचा ट्रक आदल्या दिवशीच येऊन गेला होता. एका बाजूला शेजाऱ्याची पक्की भिंत, दुसऱ्या बाजूला वसाहतीचा रस्ता. रांगेतला हा शेवटचा, तेरावा प्लॉट. तांडेल जागेच्या एका टोकाला उभे राहिले, हात पसरले आणि वाव मोजत निघाले. आयुष्यभर दोरी आणि पाणी वावेत मोजलेला माणूस. तीस फूट म्हणजे सहा फुटांच्या पाच वावा. साडेचार वावांतच रस्ता आला.

"पुन्हा मोज," ते मुलाला म्हणाले. टेप लावला. सत्तावीस फूट.

मिस्त्रीला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, "बाबूजी, तीन फीट रोड की तरफ सरका देते हैं. सब ऐसे ही करते हैं." मुलगाही क्षणभर विचारात पडला. मुहूर्त जवळ आलेला, गुरुजी आलेले, विटा पडलेल्या. तांडेल म्हणाले, "पूजा करून घेऊ. कुदळ मात्र मारायची नाही."

त्या दिवशी नारळ फुटला, पण खड्डा खणला नाही. पुढे जे कळलं, ते तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितोय.

तीन फूट गेले कुठे?

कुणी एकाने चोरले नव्हते, म्हणून तर ते आधी कुणाला दिसले नाहीत. रांगेत पहिलं घर बांधणाऱ्याची कुंपणभिंत आपल्या हद्दीच्या थोडी पुढे गेली, समजा तीन इंच. दुसऱ्याने आपले तीस फूट त्या भिंतीपासून मोजले आणि स्वतःची भिंत आणखी तीन इंच पुढे घेतली. तिसऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीपासून मोजलं. असं करत बारा घरं झाली. बारा गुणिले तीन, छत्तीस इंच. म्हणजे बरोबर तीन फूट.

बाराही घरांत आतून टेप लावा, प्रत्येकाचे तीस फूट पूर्ण भरतात. कुणालाच आपण चुकलो असं वाटत नाही. सगळी तूट रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या वाट्याला येते. तीन फूट रुंद आणि पन्नास फूट खोल म्हणजे दीडशे चौरस फूट. दहा बाय पंधराची अख्खी खोली.

डोलीवाल्यांना हे लगेच कळेल. शेजाऱ्याच्या कवेपासून अंदाजाने आपली कव मारत गेलं, तर शेवटच्याला ओढच मिळत नाही. म्हणून जुनी माणसं किनाऱ्यावरची खूण धरायची. देवळाचा कळस, डोंगराचं टोक, जे हलत नाही ते. जमिनीचंही तसंच आहे. हद्द शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोजायची नसते, न हलणाऱ्या खुणेपासून मोजायची असते.

एका जागेला तीन रेघा असतात

पहिली रेघ कागदावरची : खरेदीखत, नकाशा, मंजूर लेआउट. दुसरी जमिनीवरची : हद्दीचे दगड, खांब. तिसरी वहिवाटीची : जिथे भिंत उभी आहे, जिथून लोक येतात-जातात, जिथे शेजारी वर्षानुवर्षं झाडाला पाणी घालतो. तिन्ही एकाच जागी असतील तर जागा निर्धोक. तिन्हींत फरक असेल तर घर बांधण्याआधी तो समजून घ्यायचा.

आपण करतो काय? पहिली रेघ वकिलाला दाखवतो, तिसरी डोळ्यांनी बघतो आणि दुसरी बघतच नाही.

नकाशावर मोजपट्टी लावून स्वतः हिशेब करायला जाऊ नका. १:४००० प्रमाणाच्या गावनकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी ती रेघच २ मीटरची, साडेसहा फुटांची झाली. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की कागद ताणतो तो वेगळाच.

मोबाइलच्या जीपीएसचंही तेच. आपल्याला जीपीएसची सवय आहे. समुद्रात चार-पाच मीटर इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही, जाळं सापडतं. पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाइल ५ मीटरच्या आसपास चुकतो, म्हणजे सोळा फूट. तीस फुटांच्या प्लॉटात तो निम्म्याहून जास्त झाला. मोजणीवाले जो रोव्हर आणतात, तो कायमच्या संदर्भ केंद्रांशी जोडलेला असतो आणि सेंटिमीटरमध्ये जागा दाखवतो. दिसायला दोन्ही उपग्रहावरच चालतात, पण काम एक नाही.

इंदूरला कुठे जायचं?

मध्य प्रदेशात शब्द वेगळे आहेत, त्यामुळे आपला माणूस तिथे गोंधळतो. आम्हीही गोंधळलो. थोडक्यात असं समजा :

आपला सर्वे नंबर किंवा गट नंबर, तो तिथे खसरा नंबर. आपला फेरफार, तिथे नामांतरण. आपली बिगरशेती म्हणजे एन.ए., तिथे डायव्हर्शन. आपला तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो तिथे पटवारी. आपली मोजणी, तिथे सीमांकन. आपल्याकडे मोजणी भूमी अभिलेख खातं करतं, तिथे मात्र सीमांकनाचा अर्ज तहसीलदाराकडे जातो. हा मोठा फरक आहे. भूमी अभिलेखचं ऑफिस शोधत फिरू नका.

कायदा आहे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९. तिच्या कलम १२९ खाली सीमांकन होतं. अर्ज लोकसेवा केंद्रातून करता येतो. तहसीलदार ते काम राजस्व निरीक्षकाकडे देतात, सोबत पटवारी असतो. शेजारच्या जमीनमालकांना आधी नोटीस द्यावी लागते. मग जागेवर मोजणी, खुणा, पंचनामा आणि अहवाल. अहवालावर तहसीलदार सगळ्यांचं ऐकून आदेश देतात. नोटीसच मिळाली नाही किंवा मोजणी मान्य नाही, तर मुदतीत उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कुणी जागा बळकावलीच असेल, तर ताबा परत मिळवण्यासाठी त्याच संहितेचं कलम २५० आहे.

मोजणीची सुरुवात कायमच्या दगडापासून होते. त्याला तिकडे चांदा म्हणतात. तो दगड सापडला नाही तर काम अडतं. आमच्या वेळी तो एका शेताच्या बांधावर काटेरी झुडपात निघाला. तो शोधून दाखवला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, कागदावर त्याचा पत्ता नव्हता. म्हणून मोजणीच्या दिवशी जुना जाणता माणूस सोबत ठेवा.

वसाहतीतल्या प्लॉटला दोन पायऱ्या लागतात, हे आम्हाला तिथेच कळलं. सरकारी सीमांकनाने आधी मूळ खसऱ्याची बाहेरची हद्द पक्की झाली. मग नगर तथा ग्राम निवेश खात्याने मंजूर केलेला लेआउट घेऊन, परवानाधारक इंजिनिअरने त्या हद्दीपासून आतले प्लॉट एक-एक करून मोजले. तेव्हा कुठे पहिल्या भिंतीला तीन इंच, दुसरीला सहा, तिसरीला नऊ असा हिशेब उघडा पडला.

इंदूरच्या लोकांनी मोठी किंमत मोजलेली आहे

आपण सहकारातली माणसं, म्हणून हेही लिहितो. इंदूरला गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या जमिनींचा घोळ अनेक वर्षं गाजला. लोकांनी संस्थेत पैसे भरले, रजिस्ट्री केली, पण जागेवर प्लॉट मिळाला नाही. काही ठिकाणी त्याच जमिनीवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला. २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनाने मोहीम काढून अयोध्यापुरी, पुष्प विहार अशा वसाहतींत प्लॉटधारकांना जागेवर ताबा देण्याचं काम हाती घेतलं. तोवर ज्यांनी तरुणपणी पैसे भरले होते, ते म्हातारे झाले होते.

यातून शिकायचं एवढंच की सभासद झालो, पावती आहे, रजिस्ट्री आहे म्हणून जागा मिळाली असं होत नाही. संस्था कितीही ओळखीची असो, अगदी आपली असो, चार कोपऱ्यांवर उभं राहून जागा ताब्यात घ्यायची असते.

विसार देण्याआधी एवढं करा

१. खरेदीखतातली चतुःसीमा जागेवर उभं राहून वाचा. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, रस्ता किती रुंद. कागदावर रस्ता आणि जागेवर नाला असेल तर तिथेच थांबा.

२. लेआउटची मंजूर प्रत संबंधित कार्यालयातून स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेलं रंगीत पत्रक म्हणजे लेआउट नव्हे. वसाहत रेरात नोंदवलेली आहे का, ते बघा.

३. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. ३० बाय ५० च्या प्लॉटचा कर्ण साधारण ५८ फूट ४ इंच येतो. दोन कर्णांत फरक निघाला, तर जागा काटकोनात नाही. बाजू बरोबर असूनही जागा तिरपी असू शकते.

४. क्षेत्राचा हिशेब स्वतः करा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. आपला १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, कारण जुनी साखळी ३३ फुटांची होती आणि ३३ गुणिले ३३ बरोबर १०८९. तिकडे कुणी बिघ्यात सांगितलं तर चौरस मीटरमध्ये लिहून मागा.

५. मोजणी आधी, विटा मग. विटा, सळई, सिमेंट येऊन पडलं की माणूस घाई करतो आणि नको तिथे सही करतो.

६. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा. नोटीस सरकार देईल, पण चहाला तुम्ही बोलवा. पंचनाम्यावर त्यांची सही आज मिळाली, तर उद्याचं भांडण टळतं.

७. हद्दीच्या दगडांचे फोटो काढा, लांबून आणि जवळून, मागे ओळखीची इमारत दिसेल असे.

आणि आपल्या वाड्यात?

हे सगळं इंदूरचं झालं, पण आपल्या दाराशी वेगळं काही नाही. इथे आधी विचारायचं की घराखालच्या जागेला कागद कुठला आहे. सातबारा, सिटी सर्वेची मिळकत पत्रिका, की नुसता ग्रामपंचायतीचा नमुना ८? नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. कितीतरी घरं या एकाच कागदावर निश्चिंत बसली आहेत.

महाराष्ट्रात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे किंवा ई-मोजणीवर करता येतो. मोजणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपून ठेवा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. म्हणजे वरचा अधिकारी पुन्हा मोजतो. गावठाणातल्या घरांचं ड्रोनने मोजमाप आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावापासून सुरू झालं. पुढे केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला आली. मध्य प्रदेशात ६ ऑक्टोबर २०२१ ला एका कार्यक्रमात १ लाख ७१ हजार लोकांना अशी मिळकत कार्डं देण्यात आली. तुमच्या गावात ड्रोन येणार असेल तर त्या दिवशी मासेमारीला जाऊ नका. चुन्याने घराची हद्द आखताना घरातला कर्ता माणूस हजर पाहिजे. ड्रोन चुन्याची रेघ बघतो, तुमचा आजोबा कुठवर जाळी सुकवायचा ते त्याला माहीत नसतं.

ती जाळी सुकवायची, मासळी वाळवायची, बोटी ओढायची जागा हा आपला खरा प्रश्न आहे. ती कुणा एकाच्या नावावर नसते, सगळ्यांची असते. म्हणून मोजताना तिच्यासाठी कुणी उभं राहत नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी आपण वर्षानुवर्षं करतोय ती याचसाठी. मोजणी येईल तेव्हा घराघराने आपापली भिंत दाखवावी, आणि संस्थेने ही मोकळी जागा दाखवावी. तिथेही इंदूरसारखंच होतं. प्रत्येक जण तीन इंच पुढे सरकतो आणि शेवटी बोट वळवायला जागा उरत नाही. किनाऱ्यालगत बांधायचं असेल तर सीआरझेडच्या नकाशात आपली जागा भरती रेषेपासून कुठे पडते, तेही आधी बघा.

कागद काढायला आपल्याला बंदीचे ६१ दिवस असतात, १ जून ते ३१ जुलै. बोट शाकारून झाली की एक फेरी भूमी अभिलेखच्या ऑफिसात मारा. अर्ज, नकला, जुने फेरफार काढून ठेवा. पाऊस उघडला की मोजणी लावता येते.

शेवटी काय झालं?

मुलाला वकिलाने सांगितलं की बारा घरांवर प्रत्येकी तीन इंचांचा दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत किती वर्षं जातील ते सांगता येणार नाही. तांडेल म्हणाले, "बारा घरांशी भांडून तिथं राहायचं कसं?" मग मोजणीचा अहवाल घेऊन ते विकणाऱ्याकडे गेले. एकदा नाही, सात-आठ वेळा. आधी तो भेटेचना. पण खरेदीखतात तीस फूट त्यानेच लिहून दिले होते आणि जागेवर सत्तावीस आहेत हे आता सरकारी कागदावर होतं. शेवटी त्याने दीडशे फुटांचे पैसे परत केले आणि दुरुस्तीचा दस्त नोंदवून दिला.

घराचा नकाशा सत्तावीस फुटांवर पुन्हा काढला. बाजूची मोकळी जागा सोडल्यावर एक खोली गेलीच. भूमिपूजनानंतर पाच महिन्यांनी कुदळ पडली. तोवर विटा पावसात भिजल्या, त्यातल्या काही गेल्या.

पण घर रस्त्यावर सरकलं नाही. उद्या रस्ता रुंद झाला तर नोटीस येणार नाही. बँकेचा माणूस मोजायला आला तेव्हा कागद आणि जागा जुळली. आणि शेजारी वास्तुशांतीला जेवायला आले. सुकटीचा वास आल्यावर थोडे बिचकले, एवढंच.

तुमच्या घरातलं कुणी जागा बघत असेल, इथे किंवा परगावी, तर हे त्यांना वाचून दाखवा. कागद बघून काही शंका आली तर संस्थेच्या ऑफिसात संध्याकाळी या, सोबत बसून वाचू. येताना खरेदीखताची प्रत आणि टेप घेऊन या. टेप नसेल तर तांडेल आहेतच, वावेने मोजून देतील.